वारूळ एक, कुळे अनेक

अनोख्या सस्तन प्राण्यांचे तुलनात्मक जीवशास्त्र आणि उत्क्रांती
(उटनूर येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. कूळ आणि उपजीविका

सस्तन प्राण्याच्या शरीरावर दोन गोष्टींचा ठसा असतो: तो कोणत्या कुळातून आला आणि तो कशावर जगतो. पहिल्या गोष्टीने शरीराचे मूळ सामान ठरते, दुसरीने त्या सामानाचा वापर ठरतो. आणि या दोहोंची गल्लत झाली की खवले मांजर, मुंगीखाऊ किंवा एकिडना यांच्यासारखे प्राणी विचित्र वाटू लागतात, कारण त्यांचे रूप एका घराण्याचे भासते आणि नाते दुसऱ्याच घराण्याशी निघते. असे प्राणी सृष्टीच्या नियमाला अपवाद आहेत, हा समज जुना आणि सार्वत्रिक आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन त्याच्या उलट आहे: कूळ आणि उपजीविका यांचा परस्परसंबंध या प्राण्यांइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो, आणि म्हणून उत्क्रांती समजून घेण्याची उत्तम वाट त्यांच्या शरीरातूनच जाते.

उटनूरच्या परिसरात हा भेद नव्याने समजावून देण्याची गरज नाही. आदिलाबादच्या राजगोंड समाजात सगा ही व्यवस्था आहे. येरवेन, सारवेन, सिवेन आणि नालवेन, म्हणजे अनुक्रमे सात, सहा, पाच आणि चार देवांचे सगे, असे चार सगे आहेत, आणि एकाच सग्यातील मुलामुलींचे लग्न होत नाही, मग त्यांची गावे एकमेकांपासून कितीही दूर असोत. याउलट बांधाला बांध लावून ज्वारी आणि कापूस पिकवणारी, एकसारखी वस्त्रे नेसणारी शेजारची दोन घरे वेगळ्या सग्यांची असतील, तर त्यांच्यात सोयरीक जुळते. सगा चेहऱ्यावरून ओळखता येत नाही आणि कामावरूनही नाही. तो वंशपरंपरेने ठरतो, आणि ती परंपरा परधान गायक कींगरीच्या साथीने पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात या व्यवस्थेची तपशीलवार नोंद केली. प्राणिशास्त्राला मात्र हाच धडा, म्हणजे काम सारखे असले तरी सगा वेगळा असू शकतो, हा धडा शिकायला सुमारे दोन शतके लागली.

२. गोंडवनातील सूक्ष्म दात

या भूमीचा सस्तन प्राण्यांच्या इतिहासाशी असलेला संबंध आजच्या जंगलापुरता मर्यादित नाही. १८७२ साली भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी मध्य भारतातील काही खडकांच्या थरांना गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवन हे नाव दिले; पुढे १८८५ साली एडुआर्ड सुएस यांनी तेच नाव दक्षिण गोलार्धातील एका प्राचीन महाभूमीला लावले, आणि अशा रीतीने दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया हे भूभाग एके काळी जिच्यात जोडलेले होते, ती भूमी जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गोंडांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

या थरांपैकी एकाचे नाव कोटा असे आहे, आणि ते प्राणहितेच्या काठी, गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात असलेल्या कोटा गावावरून पडले आहे. ज्युरासिक काळातील, म्हणजे ढोबळ मानाने १६ ते १९ कोटी वर्षांपूर्वीचे हे थर प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात दोन्ही तीरांना पसरलेले आहेत. त्यांतून निघालेले अवाढव्य डायनासोर प्रसिद्ध आहेत. कोटासॉरसचा उभा केलेला सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात पाहता येतो. परंतु त्याच थरांत, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या पैकासिगुडेम गावाजवळ, एक-दोन मिलिमीटरचे दातही सापडले आहेत, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या महाकाय हाडांपेक्षा या दातांचे मोल अधिक आहे. भूवैज्ञानिक पी. यादगिरी यांनी १९८० च्या दशकात त्यांतील काहींचे वर्णन केले. इंडोथेरियम प्राणहिताय या नावात नदी आहे, नकुनोडॉन पैकासिएन्सिस या नावात गाव आहे, १९८१ साली पी. एम. दत्त यांनी नोंदवलेल्या कोटाथेरियम हॉल्डेनाय या नावात भारताचे नागरिकत्व स्वीकारलेले जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन आहेत, आणि २००७ साली नाव मिळालेल्या गोंडथेरियम या प्राण्याच्या नावात गोंड हा शब्दच आहे.

एका दातावरून प्राणी सस्तन होता किंवा सस्तनांच्या अगदी निकटचा होता हे कसे ठरते, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. सरड्याचे किंवा मगरीचे दात बहुधा एकाच घडणीचे असतात आणि पडतील तसे जन्मभर नवे येत राहतात. सस्तनांत पुढचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा असे कामाचे वाटप झालेले असते, दुधाचे दात एकदाच पडतात, आणि वरच्या दाढेचे उंचवटे खालच्या दाढेच्या खळग्यांत नेमके बसतात; जात्याच्या दोन तळ्या जशा एकमेकींसाठी टाकलेल्या असतात, तशाच या दाढा असतात. अन्न बारीक चावून त्यातील ऊर्जा लवकर मिळवणे हे उष्ण रक्ताच्या प्राण्याला आवश्यक असते, आणि ती गरज दातांच्या आकारात कोरली गेलेली असते. याच काळात जबड्याच्या सांध्यातील दोन जुनी हाडे हळूहळू सैल होत कानाकडे सरकली, आणि आज माणसाच्या मध्यकर्णात ध्वनी पोचवणाऱ्या तीन इवल्या हाडांपैकी दोन तीच आहेत. कुत्र्याची चाहूल, वटवाघळाचा वेध आणि आईने ओळखलेले बाळाचे रडणे, या साऱ्यांच्या मुळाशी सरपटणाऱ्या पूर्वजांचा एक जबडा आहे.

३. जॉर्ज शॉ यांच्या तीन नोंदी

अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे जॉर्ज शॉ हे कष्टाळू आणि नामांकित निसर्गशास्त्रज्ञ होते. दूरदेशांतून येणारी कातडी, हाडे आणि चित्रे पाहून त्या प्राण्यांना वर्गीकरणात जागा देणे हे त्यांचे काम होते, आणि दहा वर्षांच्या आत त्यांनी केलेल्या तीन नोंदी तुलनात्मक जीवशास्त्राच्या इतिहासात एकत्र ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

पहिली नोंद १७९१ ची आहे. भारतातून आलेल्या एका काळ्या, झिपऱ्या केसांच्या प्राण्याची नखे लांब व वाकडी होती आणि वरच्या जबड्यात मधले दोन दात नव्हते. शॉ यांनी तो दक्षिण अमेरिकेतील झाडाला उलटे लटकणाऱ्या स्लॉथ या संथ प्राण्याचा भाऊबंद मानला. तो प्राणी म्हणजे आदिलाबादच्या जंगलात मोहाच्या फुलांच्या दिवसांत सहज आढळणारे अस्वल. इंग्रजी नावात ती चूक आजही टिकून आहे, मराठीत मात्र त्याला कधी अस्वलाखेरीज दुसरे काही म्हटले गेले नाही. दुसरी नोंद १७९२ ची: ऑस्ट्रेलियातील काटेरी एकिडनाचे लांब नळीसारखे मुस्कट आणि चिकट जीभ पाहून शॉ यांनी त्याला दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊंच्या गटात घातले. तिसरी नोंद १७९९ ची असून तीत शॉ यांची सावधगिरी दिसते. बदकासारखी चोच आणि पाणमांजरासारखे शरीर असलेल्या प्लॅटिपसचे कातडे पाहून कोणी दोन प्राण्यांचे तुकडे जोडून फसवले तर नाही ना, अशी शंका त्यांनी नोंदवली, आणि तरीही डोळ्यांना जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

पहिल्या दोन नोंदींतील चूक अज्ञानातून झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लांब नखे, गळालेले दात, लांब जीभ ही लक्षणे खरीच होती. पण ती वंशाची लक्षणे नव्हती, उपजीविकेची होती. शॉ यांनी काम पाहून सगा ठरवला. अस्वल हे कुत्रा, मांजर, मुंगूस यांच्या मांसभक्षी गणातील आहे. एकिडना हा प्लॅटिपसचा नातलग असून दोघेही अंडी घालून पिलांना दूध पाजणारे आहेत, आणि ही गोष्ट १८८४ साली, शॉ यांच्या पश्चात सात दशकांनी, ऑस्ट्रेलियात विल्यम कॉल्डवेल आणि विल्हेल्म हाके यांच्या निरीक्षणांतून निर्विवाद ठरली.

४. वारुळाची अट

एवढ्या भिन्न कुळांतील प्राणी एकसारखे का दिसू लागले, याचे उत्तर वारुळात आहे. पानगळीच्या सागवनात जमिनीवर पडणारा पाला, वाळलेल्या फांद्या आणि मेलेले लाकूड यांचा मोठा हिस्सा वाळवीच्या पोटात जातो. वाळवी आणि मुंग्या यांचे हे अन्नभांडार बाराही महिने भरलेले असते, पण ते घेणाऱ्याला काही अटी पाळाव्या लागतात. वारुळाची भिंत उन्हाने विटेसारखी घट्ट झालेली असते, म्हणून नखे बळकट हवीत. आतले बोगदे अरुंद असतात, म्हणून तोंड लांब आणि जीभ त्याहून लांब व चिकट हवी. एकेक कीटक चावण्यात वेळ घालवणे परवडत नाही, म्हणून दातांचा उपयोग उरत नाही. शिपाई वाळवी आणि मुंग्या चावतात, म्हणून नाकपुड्या मिटता आल्या पाहिजेत आणि कातडी जाड हवी. शेवटची अट सर्वांत कठीण आहे: प्रत्येक घासाबरोबर माती येते आणि कीटकाच्या अंगात ऊर्जा थोडी असते, म्हणून शरीराचा रोजचा खर्चही कमी हवा.

भारतीय खवले मांजर या सर्व अटी पूर्ण करते. तोंडात एकही दात नाही. सुमारे २५ सेंटिमीटर बाहेर येणाऱ्या जिभेचे मूळ घशात नसून छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या टोकापाशी आहे. चावण्याचे काम जठराकडे गेले असून त्याचे आतले अस्तर खरखरीत व कठीण आहे, आणि गिळलेल्या वाळूखड्यांच्या साह्याने कीटक तेथेच भरडले जातात. पुढच्या पायांची नखे इतकी मोठी आहेत की चालताना ती आत दुमडून घ्यावी लागतात. पाठ, बाजू आणि शेपटी झाकणारे खवले केराटिनचे, म्हणजे नखे, केस आणि शिंगांवरचे आवरण ज्या प्रथिनाचे असते त्याचेच बनलेले आहेत. माशाच्या किंवा सापाच्या खवल्यांशी त्यांचे वंशाचे नाते नाही.

दक्षिण अमेरिकेतील महाकाय मुंगीखाऊ याच वाटेने गेला आहे. तोही दंतहीन, तोही नखे दुमडून चालणारा, आणि त्याची जीभ सुमारे अर्धा मीटर लांब. आफ्रिकेतील आर्डवार्क वारुळे फोडतो. त्याला दाढा आहेत, पण त्यांवर दंतवल्क, म्हणजे दाताचे चकचकीत कठीण आवरण नाही. ऑस्ट्रेलियातील नंबॅट हा पिलांना पोटाशी लटकवून वाढवणारा शिशुधान कुळातील लहान प्राणी दिवसा वाळवी टिपतो आणि त्याच्या तोंडात पन्नासच्या आसपास किरकोळ दात आहेत. आफ्रिकेतील आर्डवूल्फ हा तरसाचा भाऊबंद असून त्याच्या दाढा झिजलेल्या खुंट्यांसारख्या राहिल्या आहेत, कारण हाडे फोडण्याचा कुळाचार सोडून त्याने वाळवी चाटणे पत्करले. आपले अस्वल या वाटेवर नुकतेच पाऊल टाकलेले आहे. वरचे मधले दोन दात गळून तयार झालेल्या फटीतून, लांबणाऱ्या ओठांची नळी करून आणि नाकपुड्या मिटून, ते वाळवी इतक्या जोराने ओढते की तो आवाज शंभर मीटरवर ऐकू येतो. परंतु उरलेल्या दातांनी जांभूळ, बोर, टेंभुर्णी आणि मोहाची फुलेही ते खाते, आणि अंगाने ते पूर्ण अस्वलच राहिले आहे.

वेगवेगळ्या कुळांनी एकसारख्या गरजेपोटी स्वतंत्रपणे एकसारखे रूप धारण करणे, याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. अनेक डोंगरांवरून निघालेले ओढे एकाच खोलगटाकडे वळावेत, तशी ही क्रिया आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत तुलनात्मक अभ्यासानुसार मुंग्या आणि वाळवी हेच मुख्य अन्न असण्याची स्थिती सस्तनांत किमान १२ वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली, आणि ती सर्व उदाहरणे डायनासोर नाहीसे झाल्यानंतरच्या ६.६ कोटी वर्षांतली आहेत, कारण मुंग्या आणि वाळवी यांच्या वसाहती पृथ्वीवर खऱ्या अर्थाने विपुल झाल्या त्याच काळात.

५. एकदा घडलेले आणि अनेकदा घडलेले

पुनरावृत्तीचे हे महत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. याच जंगलांत चौशिंगा राहतो. डोक्यावर नेमाने चार शिंगे असणारा हा जगातील एकमेव वन्य सस्तन असून भारत आणि नेपाळ वगळता तो कोठेही नाही. शिंगे फक्त नराला असतात आणि पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा आखूड असते. चार शिंगे का आली, याविषयी तर्क करता येतात, पण ते तपासता येत नाहीत, कारण दुसरे उदाहरण नाही. एकदाच घडलेल्या गोष्टीतून नियम काढणे धोक्याचे असते. साळिंदराच्या काट्यांचे तसे नाही. केसांचेच काटे होणे ही घटना साळिंदरात, साळिंदराशी नाते नसलेल्या हेजहॉगात, मादागास्करच्या टेनरेकात आणि एकिडनात वेगवेगळी घडली, म्हणून संथ चालणाऱ्या, जमिनीवर अन्न हुडकणाऱ्या लहानमोठ्या प्राण्यांना काट्यांचा लाभ होतो, असे विधान करायला आधार मिळतो. हवेत तरंगण्यासाठी अंगाला कातडीचा पडदा असणेही उडणाऱ्या खारीत आणि ऑस्ट्रेलियातील शिशुधान प्राण्यांत स्वतंत्रपणे आले. प्रयोगशाळेत उत्क्रांतीचा प्रयोग कोटी वर्षे चालवता येत नाही. निसर्गाने तो जेथे पुन्हा पुन्हा केला आहे, तेथे निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचणे हीच तुलनात्मक जीवशास्त्राची पद्धत आहे.

६. आतली वंशावळ

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकातही बराच काळ खवले मांजर, मुंगीखाऊ, आर्मडिलो आणि आर्डवार्क यांना दंतहीन या एका गणात किंवा शेजारच्या गणांत ठेवले जाई. १९९० च्या दशकापासून डीएनएची, म्हणजे पेशीत साठवलेल्या आनुवंशिक मजकुराची, अक्षरवार तुलना सुरू झाली आणि २००१ पर्यंत वार धारण करणाऱ्या सस्तनांचे चार मोठे सगे स्पष्ट झाले. आर्डवार्क हा हत्ती आणि डुगाँग यांच्याबरोबर आफ्रिकेच्या सग्यात गेला. मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्मडिलो दक्षिण अमेरिकेच्या सग्यात राहिले. माणूस, वानर, उंदीर आणि ससा यांचा तिसरा सगा झाला. आणि खवले मांजर उत्तरेकडील भूभागांच्या चौथ्या सग्यात, तेही मांसभक्षी गणाच्या अगदी लगत, येऊन बसले. याचा अर्थ असा की त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग कुत्री, मांजरे, वाघ आणि अस्वले आहेत, आणि मराठीने त्याला खवल्यांचे मांजर म्हटले ते, कारण काही असो, शॉ यांच्या पहिल्या दोन नोंदींपेक्षा सत्याच्या अधिक जवळ पडले. रेण्वीय अंदाजांनुसार खवले मांजरांची आणि मांसभक्षींची वाट सात ते आठ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली; आज आदिलाबादच्या एखाद्या वारुळावर रात्री खवले मांजर आणि पहाटे अस्वल येत असेल, तर तेथे फार जुनी भाऊबंदकी पुन्हा एका पंक्तीला बसते.

डीएनएमध्ये सोडून दिलेल्या सवयींचेही अवशेष राहतात. दंतवल्क घडवणारी जनुके खवले मांजरात नाहीशी झालेली नाहीत; ती मोडकळीस आलेल्या स्थितीत आहेत, जणू वापरात नसलेल्या विहिरीचे कठडे. त्याच्या पूर्वजांना दात होते, याची ती साक्ष आहे. कायटिन, म्हणजे कीटकाच्या कवचाचे कठीण द्रव्य, पचवणाऱ्या विकरांची जनुके याहूनही बोलकी आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ख्रिस्तोफर एमर्लिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वार धारण करणाऱ्या सस्तनांच्या आद्य पूर्वजाकडे अशी पाच जनुके असावीत. ज्या कुळांनी पुढे मांस किंवा पाला स्वीकारला त्यांच्यात ती एकेक करून बंद पडली, आणि माणसातही त्यांतील काहींचे मोडके अवशेष आढळतात. माणसाचे दूरचे पूर्वजही कीटकांवर जगत होते.

खवले मांजराची अडचण येथे ध्यानात येते. त्याचे पूर्वज मांसभक्षींच्या निकटचे असल्याने ते वारुळाकडे वळले तेव्हा पाचांपैकी एकच जनुक चालू स्थितीत उरले होते, आणि हरवलेले परत मिळत नसते. दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊच्या लाळग्रंथींत अनेक जनुके हे काम वाटून घेतात. मलेशियातील खवले मांजरात मात्र तेच एक जनुक अनेक पाचक अवयवांत भरपूर प्रमाणात चालवले जाते. बाहेरून जीभ तीच, नखे तीच, दंतहीन तोंड तेच. आत मात्र प्रत्येकाने आपल्या वाडवडिलांकडून आलेल्या सामानातच भागवले आहे. उपजीविकेने रूप सारखे केले तरी कूळ पुसले गेले नाही, हे प्रस्तुत प्रतिपादनाचे सर्वांत बळकट प्रमाण होय.

७. कोण येथले, कोण आलेले

गोंडवन या नावाशी आजच्या प्राण्यांचे नाते सरळ नाही. भारताचा भूभाग मादागास्करपासून सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला, एकटा उत्तरेकडे सरकत राहिला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. त्या एकाकी प्रवासात त्याच्यावर कोणते सस्तन होते, हे तेलंगणातील विकाराबादजवळच्या नस्कल गावी, दख्खनच्या काळ्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाने सांगितले. तेथील दातांवरून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ साली डेक्कनोलेस्टेस हिस्लोपाय हा चिचुंद्रीएवढा प्राणी नोंदवला. या नावातील हिस्लॉप म्हणजे नागपूरला राहून मध्य भारतातील जीवाश्म जमवणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांची गोंडांविषयीची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रकाशित केली. एकाच माणसाच्या कामात या भूमीचे दगड आणि या भूमीची माणसे एकत्र आली होती.

लाव्हाच्या त्याच काळातील थरांतून भारतथेरियम या प्राण्याच्या उंच दाढाही मिळाल्या असून २००७ साली त्याचे नामकरण झाले. तो ज्या गणात मोडतो त्याला गोंडवनाथेरिया म्हणतात. दक्षिणेकडील भूखंडांवर वाढलेल्या आणि पुढे समूळ नष्ट झालेल्या या गणाचा मादागास्करमधील एक जवळजवळ पूर्ण सांगाडा २०२० साली अदालाथेरियम या नावाने जाहीर झाला, आणि त्या नावाचा अर्थच वेडा प्राणी असा आहे, कारण त्याच्या पायांची आणि मणक्यांची घडण कोणत्याही ज्ञात सस्तनाशी पुरती जुळत नव्हती. त्याचे निकटचे आप्त आज हयात असते, तर तीच घडण कोणालाही साधी वाटली असती. प्राणी वेडा वाटतो तो बहुधा त्याचे भाऊबंद उरलेले नसतात म्हणून.

आज उटनूरच्या जंगलात दिसणारी अस्वले, खवले मांजरे आणि हरणे या दक्षिणी वंशातील नाहीत. खवले मांजरांचा एक प्राचीन नातलग, इओमॅनिस, जर्मनीतील मेसेल येथील सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात मिळाला असून तो तेव्हाच दंतहीन होता. भारत आशियाला जोडला गेल्यावर उत्तरेकडील कुळे येथे उतरली आणि स्थिरावली. ज्या प्राण्यांच्या गणाच्या नावात गोंडवन आहे ते नाहीसे झाले, आणि गोंडांच्या अरण्यात जे नांदतात त्यांचे मूळ उत्तरेकडचे आहे. परंतु कोट्यवधी वर्षांच्या वास्तव्यानंतर त्यांना पाहुणे म्हणणे सयुक्तिक नाही, कारण येथल्या वारुळांनी, पानगळीने आणि मोहाच्या बहराने त्यांचे जीवन घडवले आहे.

८. मंद जीवनाचे गणित

वारुळाची शेवटची अट, कमी खर्चात जगण्याची, या प्राण्यांच्या भवितव्याशी थेट जोडलेली आहे. मुंगीखाऊंच्या आणि खवले मांजरांच्या शरीराचे तापमान बहुतेक सस्तनांपेक्षा कमी, ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि चयापचयाचा, म्हणजे शरीरातील इंधन जाळण्याचा, वेगही मंद असतो. मंद जळणाऱ्या चुलीवर मोठा स्वयंपाक होत नाही. म्हणून खवले मांजराची मादी वर्षाकाठी बहुधा एकच पिलू देते आणि ते शेपटीच्या मुळाशी बसवून नेते. मुंगीखाऊची मादीही पिलू पाठीवर वाहते, आणि अस्वलांच्या जातींत पिलांना नियमाने पाठीवर घेऊन फिरणारे हेच आपले वारूळ फोडणारे अस्वल आहे. एकेका पिलाची इतकी जपणूक करणाऱ्या प्राण्याचे मरण उंदरा-सशांच्या मरणासारखे लवकर भरून निघत नाही.

खवले मांजर संकटात अंगाचा गोळा करते. वाघाच्या दातांना तो गोळा उलगडत नाही, पण माणूस तो उचलून पोत्यात टाकू शकतो. खवल्यांना औषधी गुण आहेत या समजुतीपायी जगभर त्यांची शिकार झाली, आणि ते खवले ज्या द्रव्याचे असतात ते प्रत्येकाच्या स्वतःच्या नखांतही असते. भारतात हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०१६ साली जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. पण कायदा रात्री जंगलात चालणाऱ्या प्राण्याबरोबर फिरत नाही, गावकरी फिरतात. कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावोगाव हे काम उभे केले, आणि २०२० साली डुगवे गावाने खवलोत्सव साजरा करून खवले मांजराची प्रतिकृती पालखीत मिरवली. ज्या प्राण्याला लपूनछपून विकले जात होते, त्याला गावाने देवाच्या बरोबरीने खांद्यावर घेतले, ही संरक्षणाची फार मोलाची रीत आहे.

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील कवलचे व्याघ्र अभयारण्य २०१२ साली जाहीर झाले आणि ते पैनगंगेपलीकडील टिपेश्वरशी व ताडोबाशी जंगलांच्या पट्ट्यांनी जोडलेले आहे. या पट्ट्यांचे महत्त्व वाघाच्या संदर्भात नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तुलनात्मक जीवशास्त्राच्या मापाने पाहिले तर वाघ हा मोठ्या आणि भरलेल्या घराण्याचा पुत्र आहे. खवले मांजरांच्या सग्यात आज साऱ्या पृथ्वीवर आठच घरे उरली आहेत, चार आफ्रिकेत आणि चार आशियात, आणि मांसभक्षींपासून वेगळे झाल्यानंतरच्या सात-आठ कोटी वर्षांची सगळी कमाई त्या आठ घरांत ठेवलेली आहे. त्या आठांपैकी भारतीय खवले मांजराच्या घराचा उंबरठा उटनूरच्या या रानात आहे. परधानांनी सग्यांची नावे कींगरीवर जपली. या सग्याला गाणारे कोणी नाही, त्याची वंशावळ त्याच्या जिवंत शरीरातच लिहिलेली आहे, आणि ती वाचली जाण्यासाठी ते शरीर वारुळापर्यंत निर्भयपणे चालत जात राहिले पाहिजे.